ईआरसीसी-१ साठीचे ८एफ१ प्रतिपिंड मुखकर्करोगाच्या ब्लॉकवर वापरावे का?

प्रश्न – द्वितीयवर्ष_विकृतिशास्त्र, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात विकृतिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. गुटखा आणि मिशेरीमुळे आमच्याकडे गालाच्या आतल्या अस्तराचा आणि जिभेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सतत येत असतो, आणि त्यांतील बऱ्याच रुग्णांना सिस्प्लॅटिन या कर्करोगविरोधी औषधासह किरणोपचार दिले जातात. उपचारापूर्वीच्या बायॉप्सीत ईआरसीसी-१ हे डीएनए दुरुस्तीचे प्रथिन किती प्रमाणात दिसते आणि उपचाराच्या प्रतिसादाशी त्याचा काही संबंध लागतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. तर्क सरळ आहे: सिस्प्लॅटिन डीएनएवर जोड निर्माण करते, पेशीची दुरुस्ती यंत्रणा ते कापून काढते, म्हणून ज्या गाठीत ही यंत्रणा सक्षम असेल तिथे औषधाचा परिणाम कमी दिसावा.

हे प्रथिन ऊतीवर तपकिरी रंगाने दाखवण्यासाठी विभागात ८एफ१ या क्लोनचे (एकाच पेशीवंशातून बनणारे), उंदरापासूनचे मोनोक्लोनल प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरले जाते. आधीच्या विद्यार्थ्याकडून उरलेल्या कुपीवर मी पहिल्या काही स्लाइड केल्या. त्यांत गाठीतील केंद्रके कुठे फिकट, कुठे गडद अशी दिसत होती. ती कुपी संपल्यावर त्याच क्लोनची नवी कुपी आली, आणि तेच विरलीकरण, तोच बफर, तोच उष्मन-काल ठेवूनही आता गाठीतील जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी येत आहे. शेजारच्या निरोगी अस्तराचा तळचा थरही तसाच रंगतो. काही ठिकाणी पेशीद्रव्यातही हलका रंग आहे.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की एच-स्कोअरचा (रंगाची तीव्रता आणि रंगलेल्या पेशींचे प्रमाण यांवरून काढलेल्या गुणांचा) मध्यांक हीच सीमारेषा धरायची असल्याने सगळ्या स्लाइड सारख्याच गडद झाल्या तरी फरक पडणार नाही. विरलीकरण थोडे वाढवावे आणि पुढे जावे. मला मात्र शंका आहे की हा प्रश्न केवळ विरलीकरणाचा नसावा. ज्यांनी हे प्रतिपिंड प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – केंद्रकवाचक, ऊतिविकृतितज्ज्ञ, पुणे

तुमची शंका रास्त आहे आणि ती मार्गदर्शकांपुढे लेखी मांडण्याइतकी भक्कम आहे. ८एफ१ चा इतिहास ठाऊक नसेल तर हा विषय नुसता विरलीकरणाचा वाटतो, म्हणून तो इतिहास थोडा सविस्तर लिहितो.

ईआरसीसी-१ चे जनुक १९८४ मध्ये वेगळे करण्यात आले. डीएनए दुरुस्तीचे वेगळे काढलेले ते पहिले मानवी जनुक. प्रथिन २९७ अमिनो आम्लांचे आहे आणि ते एक्सपीएफ या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी करूनच काम करते. प्रत्यक्ष कापण्याची क्षमता एक्सपीएफमध्ये असते. ईआरसीसी-१ ती जोडी डीएनएवर योग्य जागी धरून ठेवते. इजा झालेल्या जागेच्या ५-प्राइम बाजूला ही जोडी काप घेते, दुसऱ्या बाजूला एक्सपीजी काप घेते, आणि साधारण २५ ते ३० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा बाहेर पडतो. ही यंत्रणा उलगडण्यासाठी अझीझ सान्जार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. जैविक पाया पक्का आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ऊतीवरच्या तपकिरी रंगाबद्दल.

२००६ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावरील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतील ७६१ गाठी ८एफ१ ने रंगवण्यात आल्या. त्यांपैकी ४४ टक्के पॉझिटिव्ह होत्या, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या सिस्प्लॅटिनचा फायदा निगेटिव्ह गाठींच्या रुग्णांना झाला, असा निष्कर्ष निघाला. जगभर या कल्पनेने जोर धरला. तुमच्या विभागातील कुपी हा त्याच लाटेचा लांबचा परिणाम असणार. २०१३ मध्ये त्याच संशोधकांपैकी काहींनी नव्या नमुन्यांवर हा निष्कर्ष पडताळून पाहिला, तेव्हा तो टिकला नाही. जुन्याच चाचणीतील ५८९ गाठी नव्या खेपेच्या ८एफ१ ने पुन्हा रंगवल्यावर आधीचे निकाल जुळेनात, आणि २००६ नंतर या प्रतिपिंडाच्या वागण्यातच बदल झाला असावा, असे त्यांना नमूद करावे लागले. बाजारातील १६ प्रतिपिंडे त्यांनी तपासली. ईआरसीसी-१ ची चार रूपे असतात आणि त्यांपैकी २०२ या क्रमांकाचे एकच रूप दुरुस्तीला पूर्ण सक्षम असते, पण सोळांपैकी एकही प्रतिपिंड ही रूपे वेगळी ओळखू शकले नाही. तुमच्या दोन कुप्यांत जे घडले ते या पार्श्वभूमीवर मुळीच नवलाचे नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. ८एफ१ हे ईआरसीसी-१ शिवाय आणखी एका प्रथिनाला चिकटते, हे २००९ पर्यंतच्या कामातून दिसून आले होते, आणि २०१४ मध्ये ते दुसरे प्रथिन ओळखण्यातही आले: फॉस्फोकोलीन सायटिडिलट्रान्सफरेज अल्फा. पेशीपटलाची मेदद्रव्ये बनवण्याच्या मार्गावरील हे विकर आहे आणि दुर्दैवाने तेही केंद्रकात असते. जागेवरून फरक करता आला असता तर बरे झाले असते. इथे तोही आधार नाही. आणखी एक गंमत अशी की ८एफ१ चा हा दुसरा लक्ष्यबिंदू फुप्फुसाच्या तसेच डोके-मानेच्या स्क्वॅमस कर्करोगात रुग्णांच्या पुढील वाटचालीशी संबंध दाखवतो, असे त्याच कामात मांडले आहे. म्हणजे तुमच्या प्रबंधात प्रतिसादाशी सुंदर संबंध सापडला, तरी तो डीएनए दुरुस्तीचा की मेदनिर्मितीचा, हे तुम्हाला सांगता येणार नाही. संबंध सापडला नाही, तर तेही सांगता येणार नाही.

आता मध्यांकाच्या युक्तिवादाविषयी, कारण वरवर तो बिनतोड वाटतो. सगळ्या स्लाइड एका प्रमाणात गडद झाल्या असत्या तर रुग्णांचा चढता क्रम तसाच राहिला असता आणि मध्यांकाने केलेली विभागणीही तीच राहिली असती. पण जेव्हा रंग दोन प्रथिनांच्या बेरजेचा असतो आणि ती दोन प्रथिने गाठीगाठीत वेगवेगळ्या प्रमाणात असतात, तेव्हा क्रमच बदलतो. मध्यांक प्रत्येक वेळी निम्मे रुग्ण वर आणि निम्मे खाली अशी नीटस वाटणी करून देतो. त्यामुळे प्रतिपिंड बिघडले आहे हे लपते, दिसत नाही. माझ्या मते प्रतिपिंड-अभ्यासांत मध्यांक ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत फसवी सीमारेषा आहे.

ईआरसीसी-१ वरच काम करायचे असेल तर ४एफ९ हा क्लोन पाहावा. तोही रूपे वेगळी करत नाही, परंतु ईआरसीसी-१ सोडून इतरत्र चिकटण्याचा दोष त्यात आढळलेला नाही.

उत्तर – मायक्रोटोम, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर

केंद्रकवाचक सरांनी प्रतिपिंडाचे सांगितले ते योग्यच आहे. तरीही मी स्वतः हे काम रोज करतो म्हणून विनंती आहे की क्लोन बदलण्याआधी ब्लॉकांकडेही (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यांकडेही) पाहावे, कारण उद्या ४एफ९ आणले आणि ब्लॉकच असमान असतील तर दोष पुन्हा नव्या कुपीवर जाईल.

आपल्या जिल्ह्यात बायॉप्सी कुठून कुठून येते ते मॅडमना ठाऊक आहेच. अक्कलकोट, मंगळवेढा, पंढरपूर इथल्या छोट्या दवाखान्यांतून तुकडा येतो तो बहुधा औषधाच्या रिकाम्या बाटलीत, तळाला जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मॅलिनमध्ये. ऊतीच्या किमान दहापट द्रव असावा हा नियम तिथे पाळला जातोच असे नाही. शिवाय फॉर्मॅलिन बफर घातलेले नसते. चाळीस टक्क्यांच्या कॅनमधून एक भाग घेऊन नळाचे नऊ भाग पाणी मिसळलेले असते. असे द्रावण ठेवल्या ठेवल्या आम्लधर्मी होते, आणि रक्त साचलेल्या जागी फॉर्मॅलिनचे रंगद्रव्य बसते. ते तपकिरी-काळ्या बारीक कणांच्या रूपात असते आणि डीएबीच्या (प्रतिपिंड चिकटलेली जागा दाखवणाऱ्या रसायनाच्या) तपकिरी रंगात नवख्या डोळ्याला सहज मिसळून जाते. ओळखायचे असेल तर प्रतिपिंड न लावलेली, नुसती हिमॅटॉक्सिलिनची (केंद्रके निळी करणाऱ्या रंगाची) स्लाइड ध्रुवित प्रकाशात पाहावी, कण चमकतात. आधीच्या कुपीवर केलेल्या स्लाइडमध्ये काही ठिकाणी गडद दिसले ते हेच नव्हते ना, हे एकदा तपासा.

सोलापूरचा एप्रिल-मे हा वेगळाच विषय आहे. पारा चाळिशीच्या वर असताना तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडायला तासभर उशीर झाला तरी ऊतीचे स्वविघटन सुरू झालेले असते, आणि अशा तुकड्याच्या मध्यभागी केंद्रकांचा रंग फिका, कडेला गडद असा दिसतो. उलट जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जोडून सुट्ट्या आल्या की तोच तुकडा चार-पाच दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहतो. स्तनाच्या गाठींतील हार्मोन रिसेप्टरसाठी ६ ते ७२ तासांची मर्यादा ठरलेली आहे. आपल्या प्रथिनासाठी तशी वेगळी मर्यादा कोणी ठरवलेली नसली तरी तीच पाळावी. ज्या ब्लॉकांची वेळ नोंदवहीत मिळत नाही ते वेगळे काढून ठेवावेत.

फॉर्मॅलिनने झाकले गेलेले प्रतिजन (प्रतिपिंड जिथे चिकटते तो भाग) पुन्हा उघडे करण्यासाठी कुकर वापरत असाल तर शिट्ट्या मोजण्याच्या भरवशावर राहू नका. गॅस कमी-जास्त असेल, रबर जुने असेल, तर त्याच तीन शिट्ट्यांना लागणारा वेळ रोज वेगळा असतो. दाब पूर्ण आल्यापासून घड्याळ लावावे, आणि गॅस बंद केल्यावर स्लाइड त्याच बफरमध्ये वीस मिनिटे निवू द्याव्यात. गरम स्लाइड एकदम थंड पाण्यात टाकली की गालाच्या अस्तराचा केराटिनचा थर उचकटतो आणि दुमडलेल्या कडेखाली डीएबी साचते. बफर केवळ डिस्टिल्ड पाण्यात करावा. आमच्याकडे बोअरच्या पाण्याचा जडपणा एवढा आहे की हिमॅटॉक्सिलिनला निळसर रंग आणायला तेच पाणी पुरते, पण बफरमध्ये ते गेले की पीएचचा भरवसा राहत नाही. केराटिनच्या गोळ्यांतला तपकिरी रंग मोजणीत धरू नये, हे तर तुम्हाला माहीत असेलच.

कुपीबद्दल दोन गोष्टी. ती फ्रीजच्या दारात ठेवू नये, आणि मागवताना विक्रेत्याला सोमवारी पाठवायला सांगावे. शुक्रवारी निघालेले पार्सल रविवारभर गोदामात पडून राहते, आणि उन्हाळ्यात आतल्या जेल-पॅकचे कोमट पाणी झालेले असते. पार्सल उघडताना पॅक हाताला कसा लागला, हे मी कुपीच्या नोंदीत लिहून ठेवतो.

उत्तर – पेशीसंवर्धन, रेणवीय जीवशास्त्र संशोधक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु मूळ प्रश्नाला निर्णायक उत्तर देणारी एक चाचणी अजून कोणी सांगितली नाही. ज्या मानवी पेशीत ईआरसीसी-१ चे जनुक निकामी केलेले आहे, ती पेशी तुमच्या प्रतिपिंडाने रंगते का? रंगत असेल तर पुढची चर्चा संपली.

२०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रतिपिंडे पडताळण्याचे पाच मार्ग मांडले, त्यांत जनुक निकामी करून पाहणे हा पहिला आहे. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने असे बदल केलेल्या पेशी विकत मिळतात. ते परवडत नसेल तर एसआय-आरएनए (ठरावीक जनुक तात्पुरते दाबणारे छोटे रेणू) वापरून प्रथिनाची पातळी खाली आणलेल्या आणि न आणलेल्या अशा दोन पेशीगोळ्या शेजारीशेजारी ठेवाव्यात. दोन्हींना तुमच्याच फॉर्मॅलिनमध्ये, तुमच्याच वेळेइतके बुडवून, मेणात बसवून एकच ब्लॉक करावा आणि प्रत्येक फेरीत रुग्णांच्या स्लाइडबरोबर त्याचा एक छेद लावावा. वेस्टर्न ब्लॉटवर (पेशींतून काढलेली प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने तपासण्याच्या पद्धतीत) एकच पट्टा आला म्हणून समाधान मानू नये, कारण ब्लॉटमध्ये प्रथिन उलगडलेले असते आणि मेणातील ऊतीत ते फॉर्मॅलिनने बांधलेले असते. एका ठिकाणी शहाण्यासारखे वागणारे प्रतिपिंड दुसरीकडे तसेच वागेल याची हमी नाही.

कोणी हॅमस्टरच्या यूव्ही-२० पेशी सुचवील. त्यांत ईआरसीसी-१ खरोखरच निकामी असते, पण मानवी प्रथिनासाठी बनवलेले प्रतिपिंड हॅमस्टरच्या प्रथिनाला मुळातच ओळखत नसेल, तर त्या पेशी रंगल्या नाहीत यातून काहीच सिद्ध होत नाही. नकारात्मक नियंत्रण मानवी पेशींचेच हवे.

एक्सपीएफच्या अभावी ईआरसीसी-१ टिकत नाही आणि उलटही तसेच घडते, म्हणून त्याच ब्लॉकांच्या शेजारच्या छेदांवर एक्सपीएफचे प्रतिपिंड लावल्यास दोन्हींचे गुण साधारण बरोबरीने वरखाली व्हायला हवेत. एक्सपीएफ कमी आणि ईआरसीसी-१ भरपूर अशी गाठ वारंवार दिसू लागली तर तुमचे प्रतिपिंड दुसरेच काही पाहत आहे, असे समजायला हरकत नाही. सक्षम जोडी थेट पाहण्यासाठी प्रॉक्सिमिटी लायगेशन नावाची पद्धत आहे, पण तिचा खर्च पाहता प्रबंधासाठी मी ती सुचवणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मायक्रोटोम सरांच्या सूचनेप्रमाणे ध्रुवित प्रकाशात पाहिले. दोन ब्लॉकांत रंगद्रव्य आहे, बाकीच्यांत नाही, त्यामुळे गडदपणाचे मूळ कारण ते नसावे. मार्गदर्शकांशी बोलले. ४एफ९ मागवायला त्यांची हरकत नाही, पण निकामी जनुकाच्या पेशींसाठी विभागाकडे ना पेशीसंवर्धनाची सोय आहे ना स्वतंत्र निधी. टॉन्सिलच्या ऊतीवर भागवता येईल का? तसेच विषय नोंदवून झाला आहे, तो या टप्प्यावर बदलणे कितपत शक्य असते?

उत्तर – केंद्रकवाचक

टॉन्सिल हे सकारात्मक नियंत्रण आहे. रंग येण्याची प्रक्रिया चालली एवढेच ते सांगते. रंग कशाला आला हे सांगत नाही, कारण टॉन्सिलमध्येही दोन्ही प्रथिने असणारच. गाठीतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींची तीव्रता प्रत्येक स्लाइडमध्ये संदर्भ म्हणून धरावी, २००६ च्या कामातही तसे केले होते. त्याने स्लाइड-स्लाइडमधील फरक सांभाळला जातो, प्रतिपिंडाची विशिष्टता मात्र सिद्ध होत नाही.

विषय पूर्ण बदलू नका. त्याच ब्लॉकांवर ८एफ१ आणि ४एफ९ यांची तुलना करा, दोन निरीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता एच-स्कोअर द्यावेत, आणि दोन प्रतिपिंडांत किती रुग्णांचा वर्ग बदलतो ते मांडा. प्रतिसादाचा संबंध हा त्या प्रबंधातला दुय्यम भाग ठेवा. माहिती आधीच्या परवानगीतील ब्लॉकांचीच असल्याने नीतिशास्त्र समितीकडे दुरुस्ती-अर्ज पुरतो, असा माझा अनुभव आहे; तरी तुमच्या समितीच्या सचिवांना विचारावे. प्रत्येक तक्त्यात क्लोनबरोबर खेपेचा क्रमांक छापावा. दोन्ही कुप्यांवरील तुमच्या जुन्या-नव्या स्लाइड जपून ठेवा. त्याच या प्रबंधातील सर्वांत बोलक्या प्रतिमा ठरतील.

उत्तर – किरणोपचारतज्ज्ञ_बार्शी

चिकित्सकाच्या बाजूने एवढेच सांगतो की यांतील कोणताही आकडा रुग्णाच्या अहवालात लिहू नये. ईआरसीसी-१ पॉझिटिव्ह आहे असे वाचून एखाद्याने सिस्प्लॅटिन टाळले, तर रुग्णाचे जे नुकसान होईल ते प्रबंधाच्या कोणत्याही निष्कर्षाने भरून निघणार नाही. आम्ही मात्रा ठरवताना मूत्रपिंडाची स्थिती, श्रवणशक्ती आणि रुग्णाची एकूण प्रकृती पाहतो. दुय्यम भागासाठी रुग्णांची पुढील माहिती हवी असेल, तर बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तुमचे जे रुग्ण तिच्या कक्षेतील गावांचे असतील त्यांच्याबाबत तिथे रीतसर अर्ज करून पाहावा.

उत्तर – पेशीसंवर्धन

पेशींच्या निधीबद्दल: संवर्धनाची सोय तुमच्याकडे असण्याची गरज नाही. पुण्यात ज्या प्रयोगशाळा डीएनए दुरुस्तीवर काम करतात त्यांच्याकडे मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र पाठवून फक्त स्थिर केलेली पेशीगोळी मागावी, आणि ते तयार असतील तर मेणात बसवूनच द्यायला सांगावे. जिवंत पेशी पाठवायच्या तर बर्फ, परवानग्या आणि वेळेची घाई. मेणाचा ब्लॉक मात्र साध्या डबीत, सकाळच्या गाडीने कोणाच्याही हाती येऊ शकतो. फक्त उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो ठेवू नये आणि आल्याबरोबर फ्रीजमध्ये टाकावा. एका ब्लॉकमधून चार मायक्रॉनचे शेकडो छेद निघतात, तेवढे तुमच्या सर्व फेऱ्यांना पुरून उरतील. मात्र सगळे छेद एकदम कापून ठेवू नका. कापलेल्या छेदातील प्रतिजन महिन्यांगणिक क्षीण होत जाते, म्हणून प्रत्येक फेरीच्या आठवड्यातच कापावेत.